मायेची घोंगडी

मी एक जुना टेम्पो आहे, मित्रांनो. माझा निळा रंग विटला, एक दिवा काणा झाला, पण सिल्लोडचा बाजार मी आजही चुकवत नाही.

तरुणपणी मी विटा वाहिल्या. मग मेंढपाळ सोनाजीने मला घेतले. त्याने मेंढरांइतकाच मला जीव लावला. पहिल्याच दसऱ्याला त्याने घरच्या लोकरीची घोंगडी माझ्या तोंडावर, जाळीला बांधली. ऊन नको, धूळ नको! गावभर कौतुक झाले. मीही हुरळलो.

मित्रांनो, त्या जाळीतून वारा आत येतो, रेडिएटरमधले पाणी निवते आणि त्या पाण्याने इंजिन थंड राहते. घोंगडीने माझे नाकच दाबले होते. हिवाळा निभावला. उन्हाळा लागला आणि चौक्याच्या घाटात माझा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. सोनाजी रेडिएटरचे टोपण उघडायला धावला, तोच त्याच्या बायकोने, बानाबाईने, त्याला मागे ओढले.

"भाजून घ्यायचंय व्हय? निवू द्या की आधी!"

शहरात क्रांती चौकाजवळ सांडू मिस्त्रीचे गॅरेज होते. तिथे शिरण्याआधी सोनाजी घोंगडी सोडून, घडी घालून सीटखाली ठेवायचा. तेलाचे डाग पडतील ना! त्यामुळे मिस्त्रीपुढे मी तासभर चालू राहिलो तरी गार! त्याने पंख्याचा पट्टा बदलला, पाण्याचा पंप तपासला, थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याची झडपही नवी घातली. बाहेर पडल्यावर सोनाजीने घोंगडी पुन्हा बांधली आणि घाटात मी पुन्हा उकळलो. असे तीनदा झाले. मला सगळे कळत होते, पण हॉर्नला कुठे बोलता येते?

चौथ्यांदा माझ्या मागच्या हौद्यात मेंढ्या होत्या. रणरणत्या उन्हात त्या माना टाकू लागल्या. सोनाजीने त्यांना ओंजळीने पाणी पाजले. त्याचे डोळे भरून आले होते.

"मुक्या जिवांचे हाल नाय बघवत. आता उकळला तर याला भंगारात देतो," तो म्हणाला.

मित्रांनो, मी फार घाबरलो.

दुसऱ्या दिवशी सांडू मिस्त्रीने सगळे ऐकले आणि तो सरळ माझ्या केबिनमध्ये येऊन बसला.

"बीमारी घाट में है, तो हकीम भी घाट कू जाएगा. रोज जैसा चलाते, वैसाइच चलाओ."

सोनाजीने सीटखालून घोंगडी काढली आणि माझ्या तोंडाला बांधली. मिस्त्रीने कपाळावर हात मारला.

"अरे सोनाजीभाऊ, ये उतारो! हवा किधर से जाएगी?"

"घरच्या लोकरीची हाय. त्याला ऊन लागंल," सोनाजी हिरमुसून म्हणाला.

सोबत आलेली बानाबाई खो खो हसत सुटली. "आवं, उन्हाळ्याआधी मेंढरं कातरता ना? मग याला कशापायी लोकर घातली? कातरा यालाबी!"

सोनाजीने गाठ सोडली. निघताच मोकळा वारा आत शिरला आणि मी अख्खा घाट एका दमात चढलो.

मित्रांनो, यंत्रावर माया जरूर करा, पण त्याचा श्वास अडवू नका. तापले तर निवू द्या. आणि दुखणे दाखवायला जाताना नेहमीच्या वेशात जा, काही लपवू नका.

ती घोंगडी आता हौद्यात कोकरांखाली असते. दसऱ्याला मला फक्त हार मिळतो. उन्हाळ्यात मात्र सोनाजीने किल्ली फिरवण्याआधी बानाबाई रोज विचारते, "कातरलाय ना वो?"

सोनाजी लाजतो, आणि त्याच्या वतीने मीच जोरात हॉर्न वाजवतो.