सिगारच्या पेटीची साफसफाई

आमचे हे लग्नाआधी बोटीवर आचारी होते. तिकडून येताना सिगारची एक पेटी आणली म्हणे, ती ह्यांच्या कुलपाच्या ट्रंकेत होती; कपाटात आली ती गेल्याच वर्षी. स्वतः ओढत नाहीत, कोणाला ओढू देत नाहीत. नुसती गोष्ट सांगतात. ब्राझीलच्या बंदरात सिगारवाल्याची पोर मारिया म्हणे ह्यांच्यावर भाळली, तिने लग्नाचं विचारलं. ह्यांना रत्नागिरी सुटेना, म्हणून नाही म्हणाले. तर तिच्या बापाने खूश होऊन निरोपाला ही पेटी दिली. खूश होऊन! ऐकून आमची अख्खी आळी हसायची. त्यात मीही.

शेजारचे सदूभावजी तर तोंडावर म्हणायचे, "हरिश्चंद्रा, नाव काय नि थापा काय! पेटी मुंबईची, गेल्या वर्षीची." ह्यांचा चेहरा एवढासा व्हायचा.

यंदा मे महिन्यात आमचे जावई दीपकराव आले. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात सिगारचं सगळं तेच बघतात. ह्यांनी सदूभावजींना मुद्दाम बोलावलं, पेटी पुढे ठेवली नि म्हणाले, "जावईबापू, किती जुनी ते सांगा. मी खोटा निघालो तर पुन्हा बोटीचं नाव काढणार नाही."

जावयांनी पेटी उलटी केली. "तळाला शिक्का असतो. त्यावरून साल कळतं."

"होता कसलासा काळा डाग," मी म्हटलं. "काथ्याने घासून काढला. जावई यायचे म्हणून घर आवरलं, ती पेटी तेवढी घाणेरडी ठेवू?"

"बरं. जुन्या सिगारवर पांढरी पूड धरते."

"बुरशी ती! खोबरेल लावून पुसली. मग फणसपोळ्यांशेजारी उन्हात दिली."

जावयांनी एक सिगार हुंगली. "फणसाचाच वास येतोय."

सदूभावजी हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. हे मला चार शब्द बोलले असते तर परवडलं असतं. पण माझ्याकडे न बघता पेटीचं झाकण लावायला लागले.

"सिगारवर पारदर्शक कागदाच्या नळ्या असतात, त्याही नाहीत?" जावई म्हणाले. "त्या वर्षांनुवर्षं पिवळ्या पडत जातात. नव्या असल्या तर काचेसारख्या."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "नाहीत कशा? मी काय उधळी आहे? चांगला कागद कोण टाकतं?" तरातरा देवघरात गेले. समईच्या वाती मी एकेका नळीत भरून ठेवल्या होत्या, तो डबाच आणून समोर आदळला.

जावयांनी एक नळी रिकामी करून उजेडात धरली. रंग अगदी कोऱ्या चहाचा. "बाबा, इतकं पिवळं व्हायला तीसेक वर्षं तरी हवीत. पेटी खरी आहे."

सदूभावजींनी नळी हातात घेऊन दोनदा उलटसुलट पाहिली. हे लहान पोरासारखे रडायला लागले, मलाही आवरेना. जन्मभर ह्या भल्या माणसाला थापाड्या म्हटलं आपण! घाईघाईने साखरेचा डबा आणला. जावयांच्या हातावर ठेवली, सदूभावजींच्याही ठेवली. ह्यांच्या हातावर ठेवता ठेवता थांबले.

पेटी खरी. म्हणजे पेटी देणारा बाप खरा.

चिमूटभर साखर परत डब्यात टाकली.

"अहो," मी म्हटलं, "दिसायला कशी होती हो ती?"