तिसऱ्या आठवड्यात गेलेली माणसं

इंदिरा गायधनी जिन्याने वर आल्या तेव्हा धवलच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून त्यांचाच आवाज येत होता.

"रुग्णाची कूस बदलताना घाई करू नका, मित्रांनो."

त्या दारातच थबकल्या. आवाज त्यांचा होता. शब्दावर दाब द्यायची तऱ्हाही त्यांचीच. पण एवढी वर्षं नर्सिंग कॉलेजात शिकवताना काय किंवा नंतर कॅमेऱ्यासमोर काय, त्यांनी कधी कुणाला 'मित्रांनो' म्हटलं नव्हतं. विद्यार्थिनींना त्या 'मुलींनो' म्हणत. कॅमेऱ्याला काहीच म्हणत नसत.

आत धवलने तेच वाक्य पुन्हा लावलं. इंदिराबाई आवाज न करता जिना उतरल्या आणि रिक्षाने घरी आल्या.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ट्रस्टचं हे ऑनलाइन शिक्षणाचं केंद्र होतं. निवृत्त झाल्यावर इंदिराबाईंनी तिथे 'घरच्या घरी रुग्णसेवा' हा अभ्यासक्रम तयार केला होता. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर त्याला अंघोळ कशी घालायची, भरवायचं कसं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, असं सगळं त्यात होतं. फी नाही, शिक्षणाची अट नाही. हजारो लोकांनी नावं नोंदवली. आता ट्रस्टला तो अभ्यासक्रम सुधारायचा होता आणि ते काम सटाण्याहून आलेल्या धवल कोठावदेकडे सोपवलं होतं.

"मग सरळ विचार ना त्याला," ढुंढिराज म्हणाले. इंदिराबाईंचे यजमान रोज सकाळी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करून येत आणि दुपारी पेपर वाचत पडत.

"विचारलं की सावध होईल. माझा आवाज यंत्रात घालून ठेवलाय त्यांनी. आता मी कशाला हवी?"

पुढच्या बैठकीत धवलने भिंतीवर आलेख लावला. उभ्या पट्ट्या दोन आठवडे ठीक होत्या, तिसऱ्या आठवड्यात एकदम कोसळत होत्या.

"इथे लोक जातात, मॅडम. अर्ध्याहून जास्त."

"कुठे जातात?"

"ते कळत नाही. कूस बदलायचा तुमचा व्हिडिओ याच आठवड्यात आहे. तो लांब आहे. तुकडे करू, थोडं नव्याने बोलून घेऊ."

"नव्याने कोण बोलणार?"

धवल क्षणभर गप्प झाला. "तुम्हीच ना," म्हणाला. ती क्षणभराची शांतता इंदिराबाईंनी बरोबर टिपली. नेमका त्यांच्याच व्हिडिओवर आलेख कोसळावा, हेही त्यांना फार सोयीचं वाटलं. पट्ट्या काय, कुणीही काढील.

त्याच संध्याकाळी ढुंढिराजांच्या जुन्या मोबाइलवरून, सरिता या नावाने, त्यांनी आपल्याच अभ्यासक्रमात प्रवेश घेतला. आत काय चाललंय ते त्यांना आतूनच बघायचं होतं.

आतून तो परका वाटला. पहिल्याच पानावर फुगे उडाले. दोन दिवस उघडला नाही तर निरोप आला: 'अरेरे, तुम्ही मागे पडलात! आजच परत या आणि प्रमाणपत्राकडे एक पाऊल टाका.' हे त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. मग त्या चर्चेच्या पानावर गेल्या. तिथे मनमाडचा महेश नावाचा कुणी रेल्वे कर्मचारी लिहीत होता: 'व्हिडिओत दोन नर्स आहेत आणि पलंग मधोमध आहे. आमचा दिवाण भिंतीला लागून आहे. वडील जड आहेत आणि घरात मी एकटा. एकट्या माणसाने काय करायचं?'

त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. इंदिराबाईंना राहवलं नाही. त्यांनी लिहिलं: 'चादरीची घडी करून वडिलांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घाला. पलीकडचा गुडघा दुमडा, पलीकडचा हात छातीवर घ्या. मग पलीकडची चादर धरून हळूहळू स्वतःकडे वळवा. भिंतीकडे ढकलू नका.'

दुसऱ्या दिवशी महेशचं उत्तर आलं: 'जमलं. पण तुम्ही कोण? शिकणाऱ्या वाटत नाही. रुग्णांसाठी बाया पुरवायचं ऑफिस आहे का तुमचं? इथे तसले लोक फार घुसतात.'

'नाही. घरी सासूबाई आहेत,' सरितेने थाप मारली.

'काय होतंय त्यांना?'

इंदिराबाईंना एकदम सुचेना. सासूबाई जाऊन जमाना झाला होता. त्यांनी अर्धांगवायू लिहिलं. मग महेश औषधं विचारू लागला, किती वर्षं झाली ते विचारू लागला. हा माणूस आपली उलटतपासणी का घेतोय?

त्यानंतरच्या बैठकीत धवल सहज बोलून गेला, "मॅडम, एकट्या माणसाने काय करायचं, हे आपण कुठेच दाखवलेलं नाही."

इंदिराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. तेच शब्द! म्हणजे महेश हा महेश नव्हताच. धवलच तिकडून लिहीत होता, त्यांना खेळवत होता. आणि दोनच दिवसांनी महेशचं लिहिणं थांबलं. त्यांनी विचारलं, 'वडील कसे आहेत?' उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. त्यांची खात्रीच पटली: आपण ओळखलं हे धवलच्या लक्षात आलं आणि त्याने सोंग आवरतं घेतलं.

मनमाडच्या एका दवाखान्यात पूजा नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी नर्स होती. त्यांनी तिला फोन केला. "रेल्वेत असा कुणी महेश आहे का, ज्याचे वडील अंथरुणाला आहेत? नसणारच म्हणा. पण एकदा बघ."

पूजाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "मॅडम, महेश आहे. तुम्ही इकडे याल का? फोनवर नको सांगायला."

नाशिक रोडहून सकाळच्या गाडीने त्या मनमाडला उतरल्या. पूजा स्टेशनवर आली होती. रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्समध्ये एका घरापुढे दोघी थांबल्या. दार उघडणारा माणूस पस्तिशीचा होता. त्याच्या डोक्यावरचे केस नुकतेच काढलेले होते. आत भिंतीला लागून एक रिकामा दिवाण होता आणि टेबलावर हार घातलेला फोटो.

"मीच सरिता," इंदिराबाई म्हणाल्या. "म्हणजे, सरिता नाही. इंदिरा गायधनी. व्हिडिओतली."

महेशने मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "चष्मा वेगळा आहे," तो म्हणाला. "मग नाव बदलून कशाला आलात?"

"माझ्या मागे काय चाललंय ते बघायला."

"आमच्यात?"

"नाही. आमच्या ऑफिसात."

त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. पण त्याने खुर्ची पुढे सरकवली. पाणी आणलं. म्हणाला, "चादरीचं बरोबर होतं तुमचं. शेवटपर्यंत पाठीला काही झालं नाही बापूंच्या. डॉक्टर म्हणाले, कोण ठेवलंय देखभालीला?"

बोलता बोलता त्याच्या हातातला मोबाइल वाजला. त्याने बघितलं आणि तो इंदिराबाईंपुढे धरला. 'अरेरे, तुम्ही मागे पडलात!' त्याच्या खाली तोच निरोप, त्याच्या खाली पुन्हा तोच.

"दहाव्याच्या दिवशी घाटावर पण आला होता," महेश म्हणाला. "बंद कसं करायचं ते सापडत नाही. अख्खं काढून टाकलं असतं, पण त्यात ती तुमची उत्तरं आहेत."

इंदिराबाईंनी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि बंद करायची जागा शोधू लागल्या. त्यांनाही ती सापडली नाही.

परतीच्या गाडीत त्यांच्या डोळ्यांपुढे तो आलेख होता. पट्ट्या खोट्या नव्हत्या, हे आता त्यांना मान्य करावं लागत होतं. त्यांचा राग मात्र कमी झाला नव्हता. स्टेशनवरून त्या घरी न जाता थेट केंद्रात गेल्या.

"माझा आवाज यंत्रात कुणाच्या परवानगीने घातलास?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

धवलचा चेहरा उतरला. "चाचणी होती, मॅडम. प्रत्येक छोट्या दुरुस्तीला तुम्हाला स्टुडिओत बोलवावं लागतं. ट्रस्टने करून बघायला सांगितलं."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे माहीत होतं तुला!"

धवलने लॅपटॉप बाजूला सारला. मग म्हणाला, "तुम्ही सरिता आहात, हे मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काकांचा नंबर आमच्याकडे आहे. मला वाटलं, तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रारीला पुरावे गोळा करताय. म्हणून मी तुमचं सगळं लिहिणं वाचत होतो. महेशचंही."

इंदिराबाई खुर्चीवर बसल्या. एवढे दिवस दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होते आणि मधल्या मधे त्या माणसाचे वडील गेले होते.

"महेश का थांबला, ठाऊक आहे तुला?"

"नाही. यादीतून गळाला, एवढंच दिसतं."

त्यांनी सांगितलं. घाटावर आलेल्या निरोपाचंही सांगितलं. धवलने ते ऐकून लॅपटॉप पुढे ओढला आणि आधी ते निरोप बंद केले. सगळ्यांचे.

मग गेलेल्या लोकांना फोन करायचं ठरलं. ते काम सोपं निघालं नाही. 'अभ्यासक्रमातून बोलतोय' म्हटलं की लोक फोन ठेवत. एकाने पोलिसात देईन म्हणून सुनावलं. एका बाईंनी "ओटीपी मिळणार नाही" एवढंच सांगितलं. पण जे बोलले ते वेगवेगळं बोलले. कुणाचा रुग्ण उठून फिरू लागला होता. कुणाला फक्त भरवायचं शिकायचं होतं, ते मिळालं. बऱ्याच जणांना दोन नर्सांचा व्हिडिओ बघून आपल्याला हे जमणार नाही असं वाटलं होतं. आणि मधूनच एखादा एवढंच म्हणे, "आता गरज नाही."

इंदिराबाईंनी आठवड्यांची चौकटच काढून टाकायला लावली. ज्याला जे लागेल ते त्याने आधी बघावं. कूस बदलायचा व्हिडिओ नव्याने केला, तो त्यांच्याच घरी, भिंतीला लागून असलेल्या दिवाणावर. रुग्ण म्हणून ढुंढिराज झोपले आणि तिसऱ्या वेळी खरोखरच घोरू लागले. धवलने तेवढा भाग ठेवला.

आवाजाची फाइल त्याने त्यांच्यासमोर काढून टाकली.

"दुसरीकडे कुठे नाही ना?"

"नाही."

"बघते मी," त्या म्हणाल्या. त्यांचा पुरता विश्वास बसला नव्हता आणि त्यांनी ते लपवलंही नाही. धवलने मान डोलावली.

ट्रस्टचे लोक मात्र नाराज झाले. प्रमाणपत्रं पूर्वीपेक्षा कमी जाऊ लागली होती. धवलने त्यांना लेखी कळवलं की या अभ्यासक्रमात शेवटपर्यंत राहणं हे यशाचं माप नाही. इंदिराबाईंना ते पत्र त्याने दाखवलं नाही. ट्रस्टच्या कार्यालयातून त्यांच्या कानावर आलं.

आता कुणी बरेच दिवस फिरकलं नाही तर एकच निरोप जात असे, तोही इंदिराबाईंनी लिहिलेला: 'बरं चाललं आहे ना? काही सांगायचं असेल तर या नंबरवर बोला. नसेल तर आम्ही पुन्हा त्रास देणार नाही.'

एका दुपारी त्या नंबरवर फोन आला. त्या आणि धवल दोघंही खोलीत होते.

"लासलगावकडून बोलते. लंकाबाई. याचे पैसे तर नाय ना लागायचे?"

"नाही हो. बोला."

"नक्की? मागून कुणी मागायला येईल."

"कुणी येणार नाही. तुमच्याकडे कोण आजारी होतं?"

"सासू. गेली ती मागल्या महिन्यात. तिच्यासाठी हवेची गादी घेतली होती. लय चांगली हाय, नवीच्या नवी. घरात ठेवू वाटत नाय अन् टाकू पण वाटत नाय. तुमच्यात कुणाला लागत असंल तर न्या. पण ज्याला खरंच लागते त्यालाच द्या, विकणाऱ्याला नको."

इंदिराबाईंनी धवलकडे पाहिलं. हे त्यांच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"यासाठी वेगळं पान करावं लागेल," धवल हळूच म्हणाला. "पण विकणारे घुसतील त्यात."

"पान नंतर," इंदिराबाई म्हणाल्या आणि फोनमध्ये बोलू लागल्या, "लंकाबाई, चांदवडला एक जण आहेत, परवाच त्यांच्याशी बोलणं झालं. आधी मी स्वतः त्यांच्याकडे चौकशी करते, मग तुम्हाला कळवते. चालेल?"

"चालंल," लंकाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही पण नीट बघून घ्या बरं का."