हिरवं घरात आलं

चिन्मयीनं मले पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकू, हे म्हणजे काका नाहीत, एवढं लक्षात ठेवा." मी म्हटलं, हो वं, येडी समजली का मले? अन् मायक्रोस्कोपाले डोळा लावला तर तोंडातून निघालं, "अहो, जेवले का?" पोरगी हसली. मग मलेबी हसू आलं.

माहे मालक रवींद्र कळमेश्वरच्या कंपनीत फिटर होते. आधी हातातून पाना पडाले लागला, मग चमचा, मग जीभ जड झाली. नसांचा आजार, औषध नाही. बोलणं पार गेल्यावर मिहानकडच्या एका लॅबमधून ही चिन्मयी आली अन् दंडाच्या चामडीचा तुकडा मागितला. यांनी पापणी मिटून हो म्हटलं. पुढं थोड्याच दिवसांत हे गेले. मी खाली दूध आणाले गेली होती, तेवढ्यात गेले.

पण त्या चामडीपासून चिन्मयीनं नसांच्या पेशी बनवल्या. इवल्याशा बशीत, जिवंत. तवापासून मी इंदोऱ्याहून दोन बस बदलून लॅबमधी जाची.

"काकू, पेशीच्या मधोमध एक घर असतं," ती सांगे. "तिथं निरोप लिहिले जातात, त्यांना एमआरएनए म्हणतात. कमरेतून निघालेली एकच पेशी पार पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. निरोप तिथवर पोचला पाहिजे, वाटेत कुणी वाचला नाही पाहिजे. म्हणून काही प्रोटीन त्या निरोपाला धरून असतात. त्यातलं एक घरातच राहून निरोप नीट कातरून देतं. काकांच्या पेशीत तेच घर सोडून बाहेर येतं, गोळे करून बसतं. मग निरोप चुकीचे कातरले जातात, टोकाशी पोचत नाहीत, अन् नस टोकाकडून मरत येते."

त्या प्रोटीनले तिनं हिरवं चमकणारं शेपूट जोडलं होतं. निळा दिवा लावला का दिसे. यांच्या पेशीत मधात अंधार, अन् हिरवे गोळे सारे बाहेर. मी दटावाची, "काहून फिरून राहिले बाहेर? घरात बसा न गुमान!" जन्मभर रविवारी घरात टिकला नाही हा माणूस.

बाजूले एका धडधाकट माणसाच्या पेशींची बशी राहे, ताडून पाहाले. तिच्यात हिरवं घरात. बशीवर नाव नाही, नुसते आकडे.

आमाले पोरबाळ नाही. घरी बोलू कोणासंग? भिंतीसंग बोललं तर लोक येडी म्हणते, बशीसंग बोललं तर त्याले विज्ञान म्हणते! मी सारं सांगाची. गिझर बिघडला, मोतीबिंदू पिकून राहिला, अंथरुणात अजून मी एकाच बाजूले झोपते. चिन्मयी तेवढ्यापुरती खोलीबाहेर जाय. गुणाची पोरगी.

उन्हाळ्यात ती म्हणाली, "काकू, निळा दिवा बिघडलाय, आता साध्या उजेडातच बघा." पाहिलं. साध्या उजेडात पेशी काय, सारख्याच दिसते.

दिवाळीच्या आधी एक दिवस तिले फोन आला, ती बाहेर गेली. मले बटण ठाऊक होतं. सहज दाबलं, तर दिवा लागला! अन् पाहते काय, हिरवं सारं मधात. एक गोळा बाहेर नाही. अगं बाई! चिन्मयी बशीत नवं औषध टाकून पाहून राहिली होती, ते लागू पडलं! मी तिची वाटबी नाही पाहिली. डोळे पुसत बस पकडली अन् घरी येऊन शेजारच्या यमुताईले मिठीच मारली. म्हटलं, माणूस हाती लागला नाही, पण आजार हरला वं.

दुसऱ्या दिवशी धरमपेठेतून संत्रा बर्फी घेतली. गेटवरच्या गार्डपासून वाटत गेली. चिन्मयीच्या हातावर ठेवली अन् म्हटलं, "हिरवं घरात आलं, पोरी. मी पाहिलं."

तिनं खोलीचं दार लोटून घेतलं.

"काकू, ती बशी काकांची नाही. काकांच्या पेशींना उन्हाळ्यात बुरशी लागली. गोठवून ठेवल्या होत्या त्याही उठल्या नाहीत. तुम्ही इतक्या लांबून बोलायला येता. मला सांगवेना. मी शेजारची बशी ठेवत गेले."

"दिवा?"

"बिघडला नव्हता."

माहं डोकंच फिरलं. "मंग इतके दिवस माह्या अंथरुणाच्या गोष्टी मी परक्या माणसाले सांगून राहिली होती का वं? त्याले जेवले का विचारून राहिली होती?" ती हमसून रडाले लागली. बर्फी तशीच हातात, वितळून राहिलेली.

"काकू, तरी तुम्ही येत जा."

"कोणाले भेटाले येऊ?"

मी तिचे डोळे पदरानं पुसले, बर्फी खा म्हटलं, अन् निघाली. शिव्या द्याव्या असं लय वाटलं, पण तिच्याशिवाय माह्या घरची चौकशी करणारं तरी कोण आहे?

विहारात यांचा पहिला स्मृतिदिन करायचा आहे. भंतेजी तारीख विचारून राहिले. मी काल दिली, दुधाच्या दिवसाची. बशीतली दुसरी मले ठाऊकच नाही. पहिल्या वेळी मी घरात नव्हती. दुसऱ्या वेळी हे गेले, अन् मी आपली यांच्यासंग बोलतच राहिली.