करकचून बांधलेली कामटी

मी बांबूची एक कामटी आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर कुडाच्या भिंतीत खोचलेली असते. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं थोडंच आहे, पण जे झालं ते लपवूनही ठेववत नाही.

जव्हारला राजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पाड्यामागच्या बांबूच्या बेटातून टोपल्या विणणाऱ्या कान्हाने आमचा बांबू तोडला. माझ्या भावंडांच्या टोपल्या झाल्या, सुपं झाली. मी जाड निघाले, म्हणून अंगणात पडून राहिले. तिथून मला गौराने उचललं. गौरा म्हणजे आसपासच्या पाड्यांत हाडं बसवणारी म्हातारी. तिने माझ्या कडा तासून गुळगुळीत केल्या आणि ढवळूच्या घरी नेलं. मला केवढा मान वाटला होता!

ढवळूची बायको नवशी पाणी आणताना उतारावर घसरून उजव्या हातावर पडली होती. मनगट टम्म सुजलं होतं. गौराने ते हलकेच चाचपलं, बोटं हलवायला लावली. हात आधीही दुखायचा का, असं विचारलं. नवशीने खाली मान घालून सांगितलं, की नागली दळताना महिनाभर कळ येत होती, सकाळी बोटांना मुंग्या यायच्या. जातं जड आणि खुंटा तोकडा, त्यामुळे मनगट वाकवूनच फिरवावं लागायचं. काम टाळते म्हणतील, म्हणून ती बोलली नव्हती.

"हाडूक मोडलेला नाय," गौरा म्हणाली. "शीर ताणलीय. हात आधीच दमलेला होता."

तिने गार पाण्याचं फडकं ठेवलं, सूज उतरल्यावर निर्गुडीच्या पाल्याने शेकायला सांगितलं. मग मऊ कापड गुंडाळून मला सैल बांधलं. रोज सोडून बघायचं, पंधरा दिवस दळायचं नाही, बोटं गार किंवा काळीनिळी पडली तर लगेच बोलवायचं, हे ढवळूला दोनदा बजावून ती गेली.

भाताची लावणी तोंडावर आली होती. ढवळू वाईट नव्हता, घाईत होता. घट्ट बांधलं तर हात लवकर बरा होईल असं त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने दोरी करकचून आवळली आणि मी नवशीच्या कातडीत रुतले. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. आपण किती पक्कं धरलंय, असं वाटलं. आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

तिची बोटं फुगत गेली. नवशी हात पदराखाली ठेवून दोन दिवस गप्प राहिली. शेवटी शेजारची कमू विस्तव मागायला आली, तिने ती बोटं पाहिली आणि तशीच गौराकडे धावली.

गौराने विळ्याने दोरी कापली. बराच वेळ बोटं चोळली. मग ढवळूला एवढंच म्हणाली, "हात तिचा. तिला इचारलास का?"



बोटं वाचली. करंगळी मात्र पुन्हा सरळ झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून ढवळू स्वतः जात्यावर बसला, भर उजेडात, दार उघडं टाकून. पुरुष दळतोय म्हणून येणारेजाणारे हसले. त्याने मान वर केली नाही. पुढे जात्याला लांब खुंटा ठोकला. त्या वर्षी एक खाचर लावणीवाचून पडीक राहिलं, पण त्याबद्दल तो नवशीला कधी बोलला नाही.

मला तो चुलीत घालणार होता. नवशीने अडवलं, कुणाला तरी लागेल म्हणाली. खरंच लागते. कुणाचा हात मुरगळला की लोक मला मागून नेतात. प्रत्येक वेळी अंगावर कापड गुंडाळलं जातं आणि मी घाबरते.

तुम्हीही न्या. फक्त सैल बांधा, रोज सोडा, आणि ज्याचा हात आहे त्याला विचारत राहा. लाजेपायी माणसं सांगत नाहीत, आणि मला ओरडता येत नाही.