कोठीतली झोळी

गोवर यावलकडून आमच्या पाड्यापर्यंत आला, तेव्हाच मी वर्गात ओरडून सांगितलं होतं, ताप आला तर घरीच थांबायचं. तरी रोज नवं कुणीतरी लाल डोळ्यांनी खोकत यायचं. शाळा बंद ठेवा म्हणून मी साहेबांना फोन करत होते, आणि साहेब मला हजेरी विचारत होते! डोकं फिरायची पाळी आली होती.

माझी जिजा अजून नऊ महिन्यांची झाली नव्हती, म्हणून तिला गोवरची लस मिळाली नव्हती. तिला मी वर्गाचा वाराही लागू देत नव्हते. खिचडी शिजवणारी बिजलीबाई तिला मागच्या धान्याच्या कोठीत, झोळीत निजवायची.

आज कोठीतून खोकला ऐकू आला. मी धावले. तांदळाच्या पोत्यांमागे बिजलीबाईची लेक जमुनी गोधडीत पडली होती. तोंडभर पुरळ, उशाशी कडुनिंबाचा पाला.

"बिजलीबाई, ही कधीपासून आहे इथे? सांगितलं का नाही?" मी किंचाळले.

"माता येल शे, मॅडम. तिनं नाव लेतस नही," ती हळूच म्हणाली. "घर एकलीले कशी सोडू?"

झोळी रिकामी होती.

"जिजा कुठंय?"

बिजलीबाईनं हात जोडले आणि गोधडीचं टोक उचललं. "मातानी किरपानी नजर राहस, म्हनीसन तुमनी पोरले रोज तिनाजोडेच निजाडस."

जमुनीच्या कुशीत जिजा गाढ झोपली होती. जमुनी खोकली. जिजाचं जावळ हललं.