नदीचे खडे

कामेलो झाडावरून फांद्या फेकायची ती फक्त मदतनीस देहेनवर. सावुंगमामावर कधीच नाही. त्या ओरांगउटान मादीमागं मामानं चार वर्षं दलदल तुडवली होती. पहाटे तिच्या घरट्याखाली हजर व्हायचं, सांजेला ती नवं घरटं बांधून निजली की परतायचं. ती माणसाला बुजेनाशी झाली, तेव्हा कुठं तिचं खाणंपिणं, पिल्लाला शिकवणं वहीत उतरू लागलं. आता तर ती दोन पुरुष उंचीवर बसून फळं खायची आणि साली मामाच्या टोपीवर टाकायची. मामाला त्याचा कोण अभिमान!

आणि गेला महिनाभर देहेन दिसला की हीच मादी ओठांनी चुक्‌चुक् आवाज काढत, पिल्लाला पोटाशी धरून पळत होती.

"जनावराला माणूस बरोब्बर कळतो," तळावर जेवताना मामा म्हणाला. "काय रे देहेन, तुझा मेहुणा काय करतो सध्या?"

"मासे धरतो, मामा."

"पूर्वी पिल्लं विकायचा."

"त्यापायी जेलात गेला. तेही सांगा की."

देहेन ताटातला खारा मासा तसाच टाकून उठला. चोराच्या मनात चांदणं, मामाला वाटलं. पिल्लू विकायचं तर आधी आईला मारावं लागतं, हे त्या नदीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी घरट्याखाली मामाला तीन खडे सापडले. त्या दलदलीत पायाखाली नुसता कुजका पाला. खडा औषधालाही मिळायचा नाही. म्हणजे कुणीतरी नदीवरून आणले होते. मामानं तळावर येऊन सरळ देहेनची पिशवी उलटी केली. आतून गलोल पडली आणि मूठभर खडे.

"खाल्ल्या मिठाला जागला नाहीस, मेल्या!"

"तिला मारत नाही मी. जवळच्या पानांत सोडतो, घाबरायला."

"का पण?"

"तुम्ही तापानं पडला होतात तेव्हा दोघं आले होते, बंदूक घेऊन. मला बघून परत फिरले. पण ती, मामा... त्यांनी नेम धरला तरी ती फळ खात बसली होती. एकाच्या डोक्यावर साल टाकली तिनं."

मामाच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"मग बोलला का नाहीस?"

"मेहुण्याचं नाव काढलं असतंत. आणि जनावराला घाबरवलं की नोकरी जाते. नियम तुमचाच."

वनखात्याची चौकी दीड दिवसाच्या वाटेवर होती. ते दोघं मात्र कधीही येऊ शकत होते. तरी तिला घाबरवायला मामाचा जीव मानेना. "उद्या लांब उभा राहा," देहेनची गलोल उचलत तो म्हणाला, "पण मला दिसशील असा."

पहाटे कामेलो घरट्यातून उठली. मामाला पाहून ती खाली उतरू लागली, पिल्लू काखेला लोंबकळत होतं. मामानं गलोल ताणली. खडा पानांत शिरला. ती थांबली, आणि हा काय करतोय ते बघायला आणखी खाली आली.

मामाला भडभडून आलं. चार वर्षं तिला हेच शिकवलं होतं त्यानं.

दुसरा खडा तिच्या हाताशेजारी खोडावर आपटला. तिनं पिल्लाला ओढून घेतलं, ओठ पुढं काढून चुक्‌चुक् केलं आणि फांदी मोडून फेकली. फांदी मामाच्या खांद्यावर आदळली.

"बरोबर, बाई," मामा रडत म्हणाला आणि तिसऱ्या खड्यासाठी त्यानं धावत आलेल्या देहेनपुढं हात केला.