पाटीवरचं सगळ्यात खालचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि माझी गोष्ट आहे एकोणीसशे एकाहत्तर सालची. मी मारायची काठी नव्हे, टेकत चालायचीही नव्हे. मी पाट्या रंगवणाऱ्यांची काठी. ओल्या रंगाला मनगट लागू नये म्हणून मला पाटीवर आडवी टेकवतात आणि माझ्यावर हात ठेवून अक्षरं काढतात.

मूळची मी छत्रीचा दांडा. एका वादळात छत्री उलटी झाली आणि तिच्या सगळ्या काड्या मोडल्या. मालकाने ती टाकून दिली. पाटीवाल्या बाबांनी मला उचललं, तासून गुळगुळीत केलं आणि टोकाला कापूस लावून त्यावर मऊ कातडं बांधलं. "आता हिचं डोकं ठिकाणावर आलं," असं म्हणून ते हसले. तेव्हापासून मी त्यांच्या दुकानात कामाला लागले. डॉक्टर, शिंपी, घड्याळवाले, सगळ्यांची नावं माझ्या आधाराने सरळ उभी राहिली.

बाबांच्या मुलीला सगळे ठिपकी म्हणत. तिच्या कोपरावर नाहीतर कानाच्या पाळीवर रंगाचा एखादा ठिपका असायचाच. तिचा हात बाबांपेक्षाही स्थिर होता. बाबांनी तिला एकच नियम शिकवला होता. "वरून खाली यायचं. आधी महत्त्वाचे, मग उरलेल्या जागेत बाकीचे."

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचं नाट्यगृह. दर नव्या नाटकाची पाटी आम्हीच रंगवायचो. एकदा माप घ्यायला गेलेली ठिपकी रंगमंचावर डोकावली आणि तिथेच खिळली. मागच्या पडद्यावर एक साधी खोली रंगवलेली होती. डावीकडे खिडकी होती आणि तिच्यातून दुपारचा उजेड जमिनीवर सांडला होता. ठिपकीने मला काखेत धरलं आणि हात पुढे केला. उजेड हाताला लागतोय का, ते तिला पाहायचं होतं!

"हा पडदा कुणी रंगवला?" तिने दिवेवाल्या काकांना विचारलं.

"आमच्या पडदेवाल्या बाईंनी. वर्षानुवर्षं त्याच रंगवतायत."

"मग पाटीवर त्यांचं नाव का नसतं?"

"पडद्याचं नाव कोण वाचतंय, बाळ?"

त्यानंतर कितीतरी महिने ठिपकी बाईंशी बोलायचं ठरवत होती. बाई रंगाची बादली घेऊन समोरून यायच्या आणि हिचा घसा कोरडा पडायचा. "आज नको, त्या घाईत दिसतात," असं ती मलाच सांगायची. मी काठी, मी काय बोलणार?

मग पुढच्या नाटकाची पाटी आली. बाबा तापाने झोपले होते. ठिपकीने मला उचललं आणि पाटीच्या वर न टेकवता थेट तळाशी टेकवलं. वरून सुरुवात केली तर खाली येईपर्यंत आपला धीर संपेल, अशी तिला भीती होती. तिने पडदेवाल्या बाईंचं नाव लिहिलं, तेही चांगलं ठसठशीत, सावली देऊन. त्यावर नाटकाचं नाव लिहिलं. नायकाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा पाटीवर बोटभर पट्टी उरली होती. तिच्यात ते नाव तिने कसंबसं कोंबलं.

पाटी टांगली आणि एकच गोंधळ उडाला.

"अहो पाटीवाले!" अंगात ताप घेऊन धावत आलेल्या बाबांवर मॅनेजर ओरडले. "हे नाव वाचायला मुंगीलासुद्धा चष्मा लागेल! उद्यापासून आम्ही दुसरा रंगारी बघतो."

"लोक मला बघायला येतात," नायक म्हणाला, "पडद्यावरच्या खिडकीला नाही."

"साहेब, तिकिटं तर खिडकीवरच मिळतात," बाबा पुटपुटले आणि लगेच हात जोडून म्हणाले, "फुकट रंगवून देतो पुन्हा. पोरीचं चुकलं."

तेवढ्यात बादली घेऊन बाई आल्या. त्यांनी मान वर करून पाटी पाहिली.

"पुसा ते," त्या म्हणाल्या.

ठिपकीची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली, की मला वाटलं आता मी मोडणार. पण त्या आवळण्यातूनच तिला आवाज फुटला.

"पुसते. पण एक सांगू? तुमच्या खिडकीतला तो उजेड... मी हात पुढे केला होता. मी फसले."

बाईंनी बादली खाली ठेवली. "जमिनीवर पडलाय तो?"

"हो."

"तो मी खरवडून खरवडून पुन्हा रंगवला होता. मला वाटलं, कुणाच्या लक्षातच आला नाही." त्या पुन्हा पाटीकडे वळल्या. मग मॅनेजरांना म्हणाल्या, "नाव राहू दे. फक्त लहान करा. एवढ्या मोठ्या नावाखालून आत जायची मला लाज वाटेल. आणि या नायकसाहेबांचं मोठं करा. काम छान करतात. मी रोज विंगेतून बघते."

"खरंच बघता?" नायकाने विचारलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मग त्यानेच मॅनेजरांना म्हटलं, "जाऊ द्या हो. पोर आहे."

पाटी नव्याने रंगवली, या वेळी वरून खाली. दुसरा रंगारी काही आला नाही.

बाईंनी ठिपकीला रोज संध्याकाळी पडद्यावर काम करायला बोलावलं. "ती काठी मात्र दाराशी ठेव," त्या म्हणाल्या. "पडदा कापडाचा. काठी टेकलीस तर तो हलेल." सुरुवातीला मला फार वाईट वाटलं. दाराशी छत्र्यांच्या घोळक्यात मी उभी असायची. पण आतून त्या दोघींचं हसणं ऐकू यायचं. आपला आधार घेऊनच ही इथवर आली, हे आठवून मी समाधानाने भिंतीला टेकायची.

मॅनेजर पुढे निवृत्त झाले आणि पुढच्या रांगेत बसून नाटकं बघू लागले. नायक म्हाताऱ्यांच्या भूमिका करू लागला, पण प्रत्येक प्रयोगानंतर "बघितलंत ना?" असं बाईंना विचारायला विसरला नाही. बाबा डोळे साथ देत होते तोवर पाट्या रंगवत राहिले. बाई गेल्या तेव्हा त्यांचे कुंचले ठिपकीकडे आले. ठिपकी आता आजी झाली आहे. तिची नातवंडं माझा उपयोग कपाटाखालचा चेंडू काढायला करतात. तेही काही वाईट काम नाही. टोकाचं कातडं तेवढं विरलं आहे, कुणी नवं बांधलं तर बरं होईल.

मित्रांनो, ज्या वस्तूने तुमचा हात स्थिर केला, तिला अडगळीत टाकू नका. आणि कुणाचं चित्र, गाणं किंवा शिवण आवडलं, तर जाऊन सांगा. घसा कोरडा पडेल, पडू द्या. बाईंबरोबर ठिपकीने पुष्कळ वर्षं काम केलं. तरी गप्प राहण्यात गेलेले ते सुरुवातीचे महिने तिला आजही परत हवे आहेत.